दुलईतला सर्व्हर

सर्व्हर मेला तेव्हा त्याच्या अंगावर दुलई होती. चांगली जाड, कापसाची दुलई. दुलईच्या आत स्पंज, स्पंजच्या आत अजून एक स्पंज, आणि सगळ्याला वरून करकचून चिकटपट्टी. आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरच्या डब्याला दुलई कोण पांघरतं? तर माऊने पांघरली होती. आणि माऊ वेडी नव्हती हां! उलट त्या स्टुडिओत डोकं ठिकाणावर असलेलं माणूस म्हणजे तीच एक.

माऊ काही तिचं खरं नाव नाही. कान मांजरीसारखे, म्हणून माऊ. बंद दाराआड कुणी पेनाला टोपण लावलं तरी ही हेडफोन उतरवून विचारणार, "कोण आहे तिकडे?" स्टुडिओ तिच्या सख्ख्या मामाचा. लहान मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड करायचे आणि एका कंपनीला द्यायचे, ती पुढे घरोघरी ऐकवायची. जागा म्हणाल तर एवढीशी. काचेची एक खोली, तिच्यात माईक. काचेच्या अलीकडे माऊचं टेबल. मागे पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला अडगळीची खोली. त्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी, हा सर्व्हर. आत्तापर्यंतच्या सगळ्या गोष्टी, सगळे वाघ-ससे-माकडं, सगळी वादळं आणि ढगांचे गडगडाट त्या एकाच डब्यात. डब्यात चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक डिस्क. देणाऱ्याने बजावून सांगितलं होतं, "एखादी गेली तरी बाकीच्या तिघी मिळून सांभाळून घेतात. फक्त डबा ओरडेल. ओरडला की मला बोलवा."

तर ओरडला ना! काही महिन्यांपूर्वी एका सकाळी अडगळीच्या खोलीतून सुरू झालं ते टीटटीटणं, थोडं थांबून परत तेच.

दुसरं कुणी असतं तर त्या माणसाला फोन केला असता. पण हे पडले आवाजवाले! नको तो आवाज आला की तो का आला हे विचारायचंच नाही, आधी त्याचा गळा दाबायचा, ही यांच्या धंद्याची सवय. पंखा कुरकुरला, पंखा बंद. फ्रिज घुरघुरला, फ्रिजची पिन बाहेर, मग दूध नासलं तरी चालेल. मामाने तर एकदा वरच्या मजल्यावरच्या बाळाला दुपारभर खुळखुळा वाजवून रमवलं होतं, आणि मग तो खुळखुळा रेकॉर्डिंगमध्ये आला म्हणून स्वतःवरच चिडला होता. तेव्हा सर्व्हर टीटटीटायला लागल्यावर माऊने काय केलं, तर आधी एक स्पंज, मग दुसरा, मग मामाने घरून आणलेली दुलई. आणि काम असं झकास की विचारू नका! मामा आल्यागेल्याला तिकडे नेऊन म्हणायचा, "लावा कान. येतंय काही ऐकू? नाही ना? आमच्या माऊचा हात लागलाय!"

आणि आत तो बिचारा! एक डिस्क मेलेली, उरलेल्या तिघी तिच्या वाट्याचं काम ओढतायत, आणि वर भर उकाड्यात दुलई.

व्हायचं तेच झालं. माऊ जंगलच्या राजाच्या मोठ्या मालिकेचा शेवटचा भाग जोडत बसली होती आणि स्क्रीन थिजला. मामा धावत अडगळीच्या खोलीत गेला, दुलईवर हात ठेवला आणि ओरडला, "अगं, याला ताप आहे!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. माणसांच्या नाही, डिस्कच्या. मेलेल्या डिस्कमधून माल बाहेर काढणं हाच त्यांचा उद्योग. केस बारीक कापलेले, खांद्याला स्क्रू-ड्रायव्हरची पिशवी, आणि बोलणं असं की एक शब्द जास्त गेला तर जणू दंड पडेल. त्यांनी दाराशीच थांबून डब्याकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं.

"याला काय बाळंतीण समजून गुंडाळलंय?"

"ओरडत होता हो," मामा म्हणाला.

"कशाला ओरडत होता?"

मामाने माऊकडे पाहिलं, माऊने छताकडे. बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि चिकटपट्टी सोलायला घेतली. सोलून झाल्यावर डबा माऊच्या टेबलाशी आणून चारी डिस्क बाहेर काढल्या, एकेक आपल्या छोट्या मशीनला लावून बघितली आणि निकाल दिला. पहिली आणि तिसरी ठीक. दुसरी आणि चौथी, दोघींच्या आतल्या सुया गेलेल्या. म्हणजे डिस्कची तबकडी असते ना, तिच्यावरून फिरून वाचणारी बारीक सुई असते, ती.

"मग बसवा ना नवीन सुया!"

"या जातीच्या डिस्क आता बनत नाहीत. माझ्याकडे सुयांचा एकच जोड आहे. एकीलाच बसेल." बाईंनी दोन्ही डिस्क टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "माल परत मिळवायला तीन डिस्क लागतात. दोन आहेत, तिसरी यातली एक. एक काही महिन्यांपूर्वीच मेली, तेव्हापासून तिच्यावर नवीन काही लिहिलंच गेलेलं नाही. ती शिळी. दुसरी कालपर्यंत जिवंत होती, ती ताजी. मला ताजी हवी. शिळी उघडली तर सगळ्याचा काला होणार, आणि सुयाही वाया. तर आधी कोण मेली?"

"डब्यातच लिहिलेलं असेल की!"

"असतं. पण डबा शेवटचं थोडंसंच लक्षात ठेवतो. याने गेले कित्येक आठवडे एकच लिहिलंय." त्यांनी स्क्रीन फिरवला. वरपासून खालपर्यंत ओळीमागून ओळ एकच तक्रार होती: फार गरम होतंय, फार गरम होतंय, फार गरम होतंय. माऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता एकच. हा डबा ओरडतो तेव्हा कप्प्याच्या नंबराइतका ओरडतो. दुसऱ्या कप्प्याला दोनदा, चौथ्याला चारदा. मग थांबतो, मग परत. किती वेळा ओरडत होता?"

"चार!" मामा म्हणाला.

"दोन," माऊ म्हणाली.

"चार गं! मी रोज ऐकायचो!"

"मामा, तुला फोनची रिंग ऐकू येत नाही!"

"किती?" बाईंनी माऊला विचारलं. माऊने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण गंमत बघा, जिला टोपणाचा आवाज ऐकू येतो, तिला हे आठवेना. जो आवाज पुसायचा तो तिचा कान सांभाळतच नसे, लगेच केरात. तो सूर किती वरचा होता हे ती गाऊन दाखवू शकली असती. किती वेळा? देव जाणे.

"अंदाजाने मी पेशंट फाडत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पिशवीची चेन लावली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आभाळ कोसळलंय? गेलं तर गेलं, परत रेकॉर्ड करा! तर तिथेच ग्यानबाची मेख होती. परत रेकॉर्ड करायचं म्हणजे सिंहकाकांना बोलवायचं. आणि सिंहकाकांना नवीन दात बसले होते.

सिंहकाका म्हणजे मालिकेतला सिंह. वयाने मामापेक्षाही मोठे, पण आवाज असा की बोलायला लागले की टेबलावरचा कप थरथरायचा. रस्त्याने चालले की शेजारपाजारची पोरं "काका, एक डरकाळी!" म्हणून मागे लागायची, आणि काका "छे छे, गळा दुखतोय" म्हणत म्हणत दोन मारायचे. आख्खी मालिका त्यांनी जुन्या, हलत्या दातांनी केली. मालिका संपली आणि त्यांनी हौसेने वरची आख्खी कवळी बसवून घेतली. पांढरीशुभ्र! दुसऱ्याच दिवशी मिरवायला स्टुडिओत आले. "कसा दिसतो सिंह?" एवढंच म्हणाले, आणि 'सिंह'मधल्या स बरोबर अशी काही शिट्टी सुटली की हेडफोनमध्ये माऊ खुर्चीवरून उडाली. स आला की शिट्टी. श आला की शिट्टी. सिंहाने हळूच "शांत बसा" म्हटलं तरी रेफरीने खेळ थांबवल्यासारखं वाटायचं.

आणि कुणी म्हणजे कुणी काकांना सांगितलं नाही. कसं सांगणार? त्या माणसाकडे आता एवढाच तर एक सिंह होता. मामा म्हणाला, "वा, काय चेहरा खुललाय!" आणि माऊने जोरजोरात मान हलवली. तेव्हापासून काकांसमोर माईक उघडायचा नाही, हा दोघांचा ठराव. म्हणून रेकॉर्डिंग परत मिळायलाच हवं होतं. नाहीतर सिंहाला त्याच्या तोंडावर सांगायला लागलं असतं, की महाराज, तुम्ही शिट्ट्या वाजवता.

आणि नेमके तेव्हाच जिन्यात पाय वाजले.

"काका!" माऊ कुजबुजली. "मामा, काका आले!"

काका रोजच यायचे, काम असो नसो, चहाला. सर्व्हर गेल्याचं कळलं तर म्हणतील, अरे मग रडता काय, चला, परत करू, आणि आधीपेक्षा फक्कड करू! मामाने डिस्कसकट डबा ढकलून टेबलाखाली सरकवला, त्यावर दुलई टाकली (सवय!), आणि दार उघडलं.

"काय मालक, काम जोरात?" काका आत आले, आणि त्यांची नजर बाईंवर गेली. "या कोण?"

"या... या आपल्या नवीन कोल्हीण," मामा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी मामाकडे ज्या नजरेने पाहिलं ना, त्या नजरेने डिस्कसुद्धा फिरायची थांबली असती. माऊने त्यांच्या मागे उभं राहून हात जोडले.

"कोल्हीण!" काका खूश! "वा! पुढच्या मालिकेला कोल्हीण हवीच होती. बाई, एक वाक्य होऊ द्या. म्हणा, महाराज, आज आपली आयाळ किती छान दिसतेय."

"महाराज आज आपली आयाळ किती छान दिसतेय," बाई म्हणाल्या.

काकांनी डोकं खाजवलं. "बाई, राग मानू नका, पण तुम्ही विजेचं मीटर वाचताय. कोल्हीण लबाड हवी!"

"लबाडी करायला मी इथे आलेली नाही."

"हा! हा सूर! सापडला!" काकांनी टाळी वाजवली. "आता बघा, समोर सिंह कसा उभा राहतो. ऐका. कोण आहे त्या झुडपात? समोर ये!"

समोरच्या स ला जी शिट्टी निघाली ती भिंतीवर आपटून परत आली. बाईंनी दचकून मान वर केली, "ही शिट्टी कोणी—" आणि माऊने त्यांच्या पायावर पाय दिला.

"कुकर!" मामा ओरडला. "खालच्यांचा कुकर!"

"खाली तर पार्लर आहे ना रे?"

"मेण शिजवतात काका. केस काढायचं."

काकांनी मान हलवली, बहुतेक पटलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, टेबलावर ठेवला आणि त्याचं बटण दाबलं. "थांबा, आता म्हणतो ते टिपून ठेवतो. मी माझं सगळं टिपतो बाई, तुम्हीही सवय लावा. इथे पॅसेजमध्ये तालीम करायचो ना मालिकेची, तीसुद्धा आहे सगळी यात."

माऊचे कान ताठ! पॅसेजमध्ये! अडगळीच्या खोलीच्या दारात! काका तिथेच येरझाऱ्या घालत तालीम करायचे, फोन फळीवर ठेवून. दुलई यायच्या आधीसुद्धा!

"काका," ती म्हणाली, आवाज शक्य तितका मऊ करून, "मला देता का ते ऐकायला? शिकायला मिळेल."

आता काकांना असं कुणी म्हटलं तर ते हरखून जायला हवे होते. पण त्यांनी झटकन फोन उचलला आणि खिशात घातला. "छे गं, त्यात काय ऐकायचंय. किल्ल्या खुळखुळतात नुसत्या."

माऊ चाटच पडली. पण विचार करायला वेळ कुठे होता? मामाच्या मात्र डोक्यात दिवा लागला होता, आणि मामाच्या डोक्यात दिवा लागला की घरातल्यांना धडकी भरते.

"काका! बरं झालं आलात. जाहिरातीसाठी तुमचे फोटो काढायचेत. मस्त हसरे. दात दिसले पाहिजेत."

"आत्ता?"

"आत्ताच. काचेच्या खोलीत उजेड चांगला पडलाय. फक्त ते खिसे रिकामे करा हां, फोटोत फुगीर दिसतात."

नवीन दातांपुढे काकांची सावधगिरी ती किती टिकणार! किल्ल्या, चष्म्याची डबी, रुमाल, फोन, सगळं माऊच्या टेबलावर आलं, काका आत गेले आणि मामाने काचेचं जाड दार लावून घेतलं. ते दार बंद झालं की आत ढोल बडवला तरी बाहेर कळत नाही, आणि बाहेरचं आत.

फोनला कुलूप नव्हतं. मला काय लपवायचंय, असं काका नेहमी म्हणायचे. माऊने हेडफोन लावला, एक कान बाईंना दिला. काचेपलीकडे काका कमरेवर हात ठेवून हसत होते आणि मामा गुडघ्यावर बसून फोटो काढत होता.

पहिली तालीम. काकांचं खाकरणं, चपलांची फटफट, आणि मागे टीट-टीट, आणि लगेच काकांची डरकाळी.

"दोन!" माऊ म्हणाली.

"डरकाळीखाली अजून दोन असतील तर?" बाई म्हणाल्या.

पुढची तालीम. टीट, डरकाळी. त्याच्या पुढची. टीट-टीट-टीट, "कोण आहे रे तिकडे!" हा माणूस थांबतच नव्हता! दोन डरकाळ्यांमध्ये श्वास घ्यायचा तोही घुर्रर्र करून. काचेपलीकडे मामा हातवारे करत होता, घाई कर, घाई कर. माऊने घाईघाईत बोट सरकवलं ते एकदम खाली गेलं, अगदी अलीकडच्या रेकॉर्डिंगवर, आणि ते सुरू झालं.

यात पॅसेज नव्हता. भांड्यांचा आवाज येत होता, घरातला. आणि काका हळू आवाजात, एकटेच, म्हणत होते, "ससा." शिट्टी. "ससा." शिट्टी. "सरळ समोर ये." दोन शिट्ट्या. "जीभ मागे घे, गाढवा. परत. ससा." मग दुरून काकूंचा आवाज, "अहो, पुरे करा आता, शेजारचं कुत्रं येऊन दारात बसलंय." दार ओढून घेतल्याचा आवाज. मग परत, अगदी बारीक आवाजात, "ससा."

माऊने ते बंद केलं. बाईंनी आपल्या कानावरचा हेडफोन हळूच खाली केला.

म्हणजे काकांना माहीत होतं. सगळं माहीत होतं! इकडे हे दोघं त्यांच्यापासून लपवतायत, कुकर काय, मेण काय, आणि तिकडे काका यांच्यापासून लपवतायत. आणि काचेपलीकडे बघावं तर ते आयाळ झटकल्यासारखी मान झटकून हसतायत, तेच दात दाखवत.

"मुली, डिस्क," बाई म्हणाल्या. इतक्या हळू त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

माऊने नाक पुसलं आणि परत वर गेली, जुन्या तालमींकडे. एकेक करत शोधताना एक सापडली. काका जोशात सुरू करतात, "या जंगलात माझ्या परवानगीशिवाय पानही—" आणि वाक्य विसरतात! काका वाक्य विसरले की विसरलो म्हणत नाहीत, त्याला ते 'वजनदार थांबा' म्हणतात. तर वजनदार थांबा आला, चांगला लांबलचक, आणि त्या शांततेत मागे स्वच्छ ऐकू आलं. टीट-टीट-टीट-टीट. थांबलं. परत, टीट-टीट-टीट-टीट.

"चार," माऊ म्हणाली. "चौथी आधी मेली. दुसरी उघडा."

आणि वर तिला हेही मान्य करावं लागलं, की मामा बरोबर होता. मामाने ते पुढे किती दिवस ऐकवलं असेल ते तुम्हीच ताडा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माऊला आपल्या कामाच्या जागी बोलावून घेतलं. "ज्याने गुंडाळलं त्याने बघायला हवं," म्हणाल्या. स्वच्छ पांढरी खोली, धूळ आत येऊ नये म्हणून डोक्याला टोपी, हाताला मोजे, काचेच्या पेटीत हात घालून बाई काम करत होत्या. माऊने आयुष्यात इतकी खरी शांतता ऐकली नव्हती. दुसऱ्या कप्प्यातली डिस्क उघडली, आत आरशासारखी तबकडी. बाईंनी नवीन सुया चिमट्याने बसवल्या, झाकण लावलं, आणि वीज दिली.

डिस्क फिरायला लागली. बाईंचा हात बटणावर, माऊचा श्वास बंद. आणि माऊ एकदम म्हणाली, "थांबवा!"

बाईंनी खटकन बंद केलं. "काय?"

"घासतंय काहीतरी. बारीक. कडेला."

बाईंनी परत उघडून भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तबकडीच्या कडेला एक ओरखडा होता. "तो भाग वगळून वाचायला लागेल. जोराने नेलं असतं तर सुया तिथेच तुटल्या असत्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "हे कान बरोबर असताना तू त्या डब्याला दुलई पांघरलीस?"

माऊने डोक्यावरची टोपी कानांवर ओढून घेतली.

माल आला. जंगल आलं, माकडं आली, ढगांचे गडगडाट आले, आणि भागामागून भाग करत काकांचा जुन्या दातांचा सिंह आला, तसाच, कप थरथरवणारा. मामा तर स्क्रीनसमोर नाचला. फक्त शेवटचा भाग आला नाही. तो नेमका ओरखड्यात होता. आणि कंपनीला मालिका द्यायची मुदत तर दारात येऊन उभी.

"झालं!" मामा खुर्चीत कोसळला. "शेवटचाच! पोरांनी एवढं ऐकायचं आणि शेवट नाही? आता काकांना सांगावंच लागणार. तू सांग."

"मी सांगते," माऊ म्हणाली.

"काय सांगशील?"

"की शेवटच्या भागात मजा येत नाहीये, परत करू."

"आणि शिट्टी?"

"तू फक्त चहा कर."

माऊने मामाला फोनमधलं ते काहीच सांगितलं नव्हतं, बरं का. मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि तो 'ससा' आपण ऐकलाय हे काकांना तिच्याकडून कधी कळणार नव्हतं, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

काका आले. शेवटचा भाग परत करायचाय म्हटल्यावर त्यांचं हसू क्षणभर असं गोठलं, जणू कुणी पाठीत काही टोचलं. "मजा येत नाहीये म्हणतेस?" त्यांनी कवळीवरून जीभ फिरवली. "बघ हां. सिंह आता म्हातारा झालाय."

"काका, तुम्ही बोला. बाकीचं माझं टेबल बघून घेईल."

दोघं एकमेकांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग काका आत गेले, माईकसमोर उभे राहिले आणि बोलले. आणि काय बोलले! शिट्ट्या तर होत्याच, 'सगळ्यांनी शांतपणे समोर बसा' याला तर एकदम आगगाडी निघाल्यासारखं झालं, मामाने तोंडात रुमाल कोंबला. पण सिंह तोच होता. राज्य सोडून निघालेला, आणि तरीही रुबाब न सोडणारा. माऊ काचेअलीकडे अशी बसली होती, जणू तिला एकही शिट्टी ऐकू येत नाहीये. खरं सांगायचं तर ती एकेक मोजून मनात खूण करत होती.

मग ती कामाला बसली. तांदूळ निवडतात ना, तशी एकेक शिट्टी वेचून काढली. स ला धक्का न लावता शिट्टी तेवढी अलगद बाहेर. आख्ख्या मालिकेला हे करायचं म्हणजे जन्म गेला असता, पण एका भागाला जमण्यासारखं होतं. आणि वेचता वेचता सगळ्या शिट्ट्या एका बाजूला जमत गेल्या. नेहमीच्या सवयीने ती त्या केरात टाकणार होती. बटणावर बोटही ठेवलं होतं. पण मागे एक आवाज न ऐकता मारल्याचं काय झालं होतं ते आठवलं, आणि तिने आधी त्या नुसत्याच ऐकून बघितल्या. एक ऐकली. दुसरी ऐकली. मग स्वतःशीच खुदकन हसली आणि खुर्ची पुढे ओढली.

शेवटचा भाग ऐकायला सगळे जमले. बाई सर्व्हर परत द्यायला आल्या होत्या, त्याही थांबल्या. काका हाताची घडी घालून, डोळे मिटून बसले. गोष्ट सुरू झाली. सिंह बोलला, आणि स स्वच्छ. श स्वच्छ. काकांची एक भुवई वर गेली. मग सिंह निघाला, जंगल मागे पडत चाललं, संध्याकाळ झाली, आणि झाडांवरून पाखरं बोलायला लागली. एक जवळून, बारीक. एक लांबून, ओढून. मग दोघं-तिघं एकदम. कुठल्या जातीची पाखरं म्हणाल तर कुणाला सांगता आलं नसतं, पण इतकी खरी वाटत होती की मामाने खिडकीकडे पाहिलं.

बाई खाली मान घालून बुटाकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

गोष्ट संपली. काकांनी डोळे उघडले.

"पाखरं छान घेतलीस गं," ते म्हणाले. "कुठून आणलीस?"

"इथलीच आहेत, काका."

"हं." काका उठले, चप्पल घातली, मामाने दिलेला चहा उभ्या उभ्याच संपवला आणि दारापर्यंत गेले. तिथून वळले, आणि नवीन कवळी सगळीच्या सगळी दिसेल असं हसले.

"त्या डावीकडच्या झाडावरचं पाखरू मात्र जरा बेसूर लागलंय. उद्या येतो. परत घे माझ्याकडून."

आणि उतरले जिना. मामा कप हातात धरून दाराकडे बघतोय, मग माऊकडे, मग बाईंकडे, आणि बाई आता मोठ्याने, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतायत. "पाखरू? त्यांच्याकडून? माऊ, काय म्हणाले ते? अगं, मला इथे कुणी काही सांगतं का?"

पण माऊने हेडफोन लावला होता. तिने डावीकडचं झाड परत एकदा ऐकलं, नीट कान देऊन. होतंच हो ते बेसूर.